डीबीएस करायचं ठरवताना: चांगल्या तासापासून प्रोग्रॅमिंगपर्यंत

गोळी घेतल्यावर दिवसातला जो सगळ्यात चांगला तास येतो, तो नीट बघून ठेवा. हाताची थरथर थांबलेली असते, सदऱ्याची बटणं स्वतःची स्वतः लागतात, खुर्चीतून उठायला कुणाचा हात लागत नाही. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, सगळे म्हणतात ते डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून तिच्यातून विजेचा बारीक प्रवाह सोडण्याचा उपचार, हा तास दिवसभर पसरवायचं काम करतं. त्या तासात जे जमत नाही, ते ऑपरेशननंतरही बहुधा जमत नाही. पार्किन्सन्ससाठी डीबीएस करायचं की नाही, कधी करायचं, झाल्यावर काय अपेक्षा ठेवायची, हे बहुतेक सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द छान आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

उपकरणाचे भाग तीन. पहिली मेंदूत जाणारी तार: जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, टोकाशी धातूचे चार बारीक कडे, नव्या तारांत जास्तही असतात. प्रत्येक कड्यातून वेगळा प्रवाह सोडता येतो. दुसरी जोडतार, कानामागून मानेतून कातडीखालून उतरणारी. तिसरी छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेली बॅटरी. तिला घरात सगळे ‘पेसमेकर’च म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ साली कंपासाठी ही पद्धत वापरायला सुरुवात केली. त्याआधी मेंदूतला तो ठिपका कायमचा जाळून टाकत. इथे मात्र बटण बंद केलं की माणूस पूर्वीच्या स्थितीला येतो. चुकीची मात्रा सुधारता येते ती यामुळेच.

पायरी १: आपण यात बसतो का

आजाराला साधारण पाच वर्षं झालेली असावीत असा जुना संकेत आहे. आता अनेक ठिकाणी चार वर्षांनंतरही विचार करतात. एवढं थांबण्याचं कारण साधं आहे. एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी) आणि पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) हे मेंदूचे आजार सुरुवातीला हुबेहूब पार्किन्सन्ससारखे दिसतात, आणि त्यांना डीबीएसचा उपयोग होत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणं, उभं राहताच रक्तदाब खूप उतरणं, जिना उतरताना खाली बघताच न येणं, यांपैकी काही असेल तर ‘निदान नक्की पार्किन्सन्सच का’ हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा.

ऑपरेशनचा विषय कधी काढायचा, यासाठी ५-२-१ हा आडाखा सोपा आहे: दिवसाला लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीच्या, पाच किंवा जास्त मात्रा, दोन किंवा जास्त तास ‘ऑफ’ (गोळीचा असर उतरलेला; असर असतो ती वेळ ‘ऑन’), एक किंवा जास्त तास त्रासदायक डिस्कायनेशिया, म्हणजे गोळीच्या ऐन जोरात अंग आपोआप वेळावणं. यातलं एकही लागू होत असेल तरी बोलायची वेळ आली. लगेच ऑपरेशन करायचं असा त्याचा अर्थ नाही.

सुधारतं काय? कंप, ताठरपणा, हालचालींचा मंदपणा, ऑफचे तास, डिस्कायनेशिया. सुधारत नाही काय? पुटपुटणारा आवाज, ‘ऑन’मध्येही जाणारा तोल, ‘ऑन’मध्येही पाय जमिनीला चिकटणं, विसरभोळेपणा, बद्धकोष्ठ. चांगल्या तासाच्या नियमाला एकच ठळक अपवाद आहे: कंप. गोळ्यांना दाद न देणारा कंपही डीबीएसने कमी होऊ शकतो.

स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर ऑपरेशन करू नये. आधीच डळमळीत झालेली समज आणखी ढासळते. वयाची पक्की रेघ नाही, पण सत्तर-पंचाहत्तरनंतर धोका आणि फायदा यांचं गणित बदलत जातं. घरची मंडळी बहुतेक वेळा एकाच कारणासाठी ऑपरेशन मागतात: ‘बाबा पडायचे थांबले पाहिजेत.’ बाबा ‘ऑन’मध्ये पडत असतील तर ते थांबणार नाही. हे आधी ऐकून घेतलेलं बरं.

डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटण्याचा आजार) आणि इसेन्शियल ट्रेमर (पार्किन्सन्सशिवायचा कंपाचा आजार) यांचे नियम वेगळे. तिथे लेव्होडोपाची कसोटी नसते आणि तारेचं ठिकाणही वेगळं असतं. डिस्टोनियात परिणाम दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. खालचं सगळं पार्किन्सन्सला धरून आहे.

पायरी २: तीन दिवसांची डायरी

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘दिवसभर त्रासच असतो’ असं सांगितलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. वहीचं पान आडवं धरा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन आखा आणि प्रत्येकात एकच अक्षर लिहा: झो म्हणजे झोप, फ म्हणजे ऑफ, न म्हणजे ऑन, ड म्हणजे त्रासदायक डिस्कायनेशियासह ऑन. गोळी घेतली त्या चौकोनात टिंब आणि जेवण झालं तिथे फुली. असे सलग तीन दिवस, नेहमीच्या कामाचे. पाहुण्यांचा किंवा प्रवासाचा दिवस नको.

चौकोन शुभंकरानेच भरायचा, तोही त्या-त्या वेळी. रात्री आठवून भरलेली डायरी प्रत्यक्षाशी जुळेलच असं नाही. आणि कंप व डिस्कायनेशिया यांची गल्लत करू नका. कंप म्हणजे ठरावीक तालात हलणं, बहुधा हात मांडीवर निवांत असताना. डिस्कायनेशियाला ताल नसतो. मान, खांदा, कंबर वळवळत राहते आणि गोळीचा जोर असताना वाढते. दोन्हींसाठी उपाय उलटे आहेत: एकाला औषध कमी पडतंय, दुसऱ्याला जास्त होतंय. फरक कळत नसेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा.

डायरी बघूनच कधी कधी ऑपरेशन पुढे ढकललं जातं. फुलीनंतरच्या चौकोनांत नेमका ‘फ’ येत असेल तर डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं गोळीची वाट अडवत असतात. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तरी अशा वेळी बराच फरक पडतो.

पायरी ३: गोळीची चाचणी

लेव्होडोपा चॅलेंज नावाची ही चाचणी झाल्याशिवाय पार्किन्सन्सच्या डीबीएसची तारीख घेऊ नका. आदल्या रात्रीपासून निदान बारा तास लेव्होडोपा बंद ठेवतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्या आणि प्रॅमिपेक्सॉलसारखी औषधं त्याहून आधी थांबवावी लागतात. नेमकं किती आधी, हे डॉक्टर लिहून देतात. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. सकाळी पूर्ण ‘ऑफ’मध्ये यूपीडीआरएस या पार्किन्सन्सच्या मोजपट्टीच्या हालचालींच्या भागावर गुण देतात (जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त): बोटं आपटणं, मूठ उघडणं-मिटणं, टाच आपटणं, हात वाकवून ताठरपणा बघणं, चालणं, मागून ओढल्यावर सावरणं. मग रिकाम्या पोटी नेहमीच्या सकाळच्या मात्रेच्या साधारण दीडपट लेव्होडोपा देतात आणि पाऊण ते एक तासाने पुन्हा गुण घेतात.

समजा ‘ऑफ’मध्ये ४८ गुण आले आणि गोळीनंतर २२. उतरले २६, म्हणजे ५४ टक्के सुधारणा. ३० ते ३३ टक्क्यांच्या वर आकडा गेला तर डीबीएसचा उपयोग होण्याची शक्यता चांगली मानतात. पण नुसत्या टक्क्यांवर समाधान मानू नका. कागद मागून घ्या आणि उरलेले २२ गुण कशाचे आहेत ते वाचा. ते बोलणं आणि तोल यांचे असतील, तर ऑपरेशननंतरही तेच उरणार आहेत. चाचणीच्या दिवशी मळमळ, उलटी होऊ शकते. उलटी झाली तर गोळी पोटात किती राहिली ते कळत नाही आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

याच सुमारास स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीची तपासणी होते. ती शुभार्थीच्या बोलीभाषेत व्हावी असा आग्रह धरा. सांगली-साताऱ्याच्या आजोबांची चाचणी इंग्रजीत किंवा मोडक्या हिंदीत घेतली तर गुण उगाच कमी येतात. जुगार, अनावर खरेदी, रात्र-रात्र काहीतरी उलगडत बसणं यांची सवय लागली असेल तर लाज न बाळगता सांगा. पार्किन्सन्सच्या काही औषधांनी हे होतं, आणि तार कुठे घालायची हेही त्यावरून बदलू शकतं. तारेसाठी मेंदूत खोलवर दोन जागा असतात. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तार घातली की गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, अनेकदा तिसरा हिस्सा ते निम्म्या. ग्लोबस पॅलिडसमध्ये घातली तर गोळ्या फारशा कमी होत नाहीत, पण डिस्कायनेशिया थेट दबतो आणि मनावर ताण कमी येतो असं मानलं जातं.

पायरी ४: पैसे आणि बॅटरी

खर्चाचा मोठा वाटा उपकरणाचा असतो, म्हणून अंदाजपत्रकात उपकरण, ऑपरेशन आणि पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग असे तीन आकडे वेगळे मागा. तिसरा आकडा बरेचजण विचारतच नाहीत आणि मग दर फेरीला खिशात हात जातो.

आरोग्य विम्याच्या नियमांत आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, डीबीएसचं नाव आधुनिक उपचारांच्या यादीत घातलेलं आहे; कंपनीला हा उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते. विमा दहा लाखांचा आणि डीबीएसची मर्यादा त्याच्या निम्मी, असं असू शकतं. ‘आधुनिक उपचार’ या कलमाखालची उपमर्यादा टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) लेखी घ्या. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथे उपकरणाचा खर्च कसा धरतात, हे रुग्णालयाच्या समाजसेवकांना भरती होण्याआधी विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्सही आहे, तेव्हा दाखल्याचा अर्ज करायला हरकत नाही.

बॅटरी दोन तऱ्हेची. साधी बॅटरी सेटिंगनुसार साधारण तीन ते पाच वर्षं चालते, मग छातीवरचा जुनाच छेद उघडून नवी बसवतात. चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा जास्त टिकते, पण पट्टा लावून ठरावीक दिवसांनी चार्ज करावी लागते. साठीचा, घरात माणसं असलेला शुभार्थी असेल तर चार्जची परवडते. पंच्याहत्तरीच्या एकट्या राहणाऱ्या बाईंना ती देऊन उपयोग नाही, कारण चार्जिंग विसरलं की उपचारच बंद पडतो.

पायरी ५: भरती आणि ऑपरेशन

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधं डॉक्टरांच्या सांगण्यावरून साधारण आठवडा-दहा दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं आवश्यक. दातातला पू, लघवीचा जंतुसंसर्ग, पायावरची जखम हे सगळं आधी बरं करून घ्या. साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा: साखर बिघडली की टाके पिकतात, आणि रक्तदाब चढलेला असताना तार गेली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ऑपरेशनच्या सकाळी शुभार्थी गोळ्यांविना, म्हणजे ‘ऑफ’मध्ये असतो. डोक्याला सुन्न करून चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवतात. घट्ट शिरपेच बांधल्यासारखा दाब जाणवतो आणि काही मिनिटांत सवय होते. चौकटीसह सीटी स्कॅन होतो आणि तो आधी काढलेल्या एमआरआयवर कॉम्प्युटरमध्ये जुळवतात. शोधायची जागा, सबथॅलॅमिक न्यूक्लियस असेल तर, वाटाण्याएवढी आहे, मेंदूच्या मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला साधारण बारा मिलिमीटरवर. दोन मिलिमीटरची चूकही इथे फार होते.

कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडतात. आवाज मोठा येतो, पण दुखत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. मग बारीक सुईने पेशींचा आवाज ऐकतात. स्पीकरवर आधी तुरळक टकटक असते, आणि सुई नेमक्या जागी शिरली की पत्र्यावर सर कोसळावी तसा दाट, बेताल खडखडाट सुरू होतो. ती जागा संपली की आवाज पुन्हा बदलतो. त्यावरून खोली ठरते.

यानंतर तारेतून प्रवाह सोडून बघतात, आणि इथे शुभार्थीची मदत लागते. ‘मूठ उघडा-मिटा’, ‘सोमवारपासून वार म्हणा’, ‘कुठे मुंग्या येतात का?’ वार म्हणताना जीभ जड झाली किंवा गाल ओढला गेला तर तार बाहेरच्या बाजूला जास्त सरकलेली असू शकते. सतत टिकणाऱ्या मुंग्या ती मागे असल्याचं सुचवतात. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या राज्याबाहेरच्या ठिकाणी ऑपरेशन असेल तर हे सगळं कुठल्या भाषेत होणार ते आधी ठरवून घ्या. श्रवणयंत्र असेल तर ते थिएटरमध्ये न्यायची परवानगीही मागून ठेवा. दोन्ही बाजू होईपर्यंत कित्येक तास जातात. पूर्ण भूल देऊन, स्कॅनच्या आधारे तार बसवण्याची पद्धतही आहे. जागं राहायची फार भीती वाटत असेल तर विचारा. बॅटरी मात्र बहुधा पूर्ण भूल देऊनच बसवतात, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी.

धोका किती? मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव शंभरात साधारण एक-दोघांना होतो. जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो, बहुतेकदा बॅटरीच्या जागी. संसर्ग उपकरणापर्यंत पोचला तर नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागत नाही, बरेचदा बॅटरी काढावी लागते. म्हणून टाक्यांजवळ लाली, ओल, गरमपणा दिसला तर ‘सोमवारी दाखवू’ म्हणू नका. कानामागच्या तारेवर हेल्मेटची किंवा चष्म्याची कड सतत घासू देऊ नका, आणि बॅटरी बोटांनी फिरवत बसण्याची सवय लागू देऊ नका. तार पिळवटून तुटते.

पायरी ६: फसवे दिवस, आणि मग प्रोग्रॅमिंग

मशीन सुरू करण्याआधीच शुभार्थी सुधारलेला दिसतो. तार जाताना त्या जागी जी किंचित सूज येते, तिचा हा परिणाम. काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे टिकतो आणि मग कंप परत येतो. नेमकं याच वेळी घरात घबराट उडते: ‘ऑपरेशन फुकट गेलं!’ गेलेलं नाही. मशीन अजून बंदच आहे.

पहिलं प्रोग्रॅमिंग साधारण दोन ते चार आठवड्यांनी होतं. सकाळची गोळी न घेता जायचं, गोळ्या सोबत न्यायच्या आणि अर्धा दिवस मोकळा ठेवायचा. सुरुवात बहुधा १३० हर्ट्झ (सेकंदाला १३० विजेचे ठोके) आणि ६० मायक्रोसेकंदांवर (एका ठोक्याची लांबी) करतात. मग तारेच्या प्रत्येक कड्यावर प्रवाह थोडाथोडा वाढवत दोन आकडे लिहितात: फायदा कुठे सुरू झाला, त्रास कुठे सुरू झाला. या दोहोंत अंतर जास्त असेल ते कडं निवडायचं. हा तक्ता स्वतःच्या फाईलमध्ये झेरॉक्स करून ठेवा. उद्या गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर हाच कागद कामाला येतो.

ताठरपणा काही मिनिटांत सैल होतो, कंपही लवकर उतरतो. चालण्यातला फरक कळायला तास किंवा दिवस लागतात. त्यामुळे दवाखान्यात ‘अजून वाढवा’ असा हट्ट धरू नका. दुपारी चांगलं वाटलेलं रात्री जास्त होऊ शकतं. बोलणं अडखळायला लागलं, एक पापणी उघडेना, पाय वळायला लागला, अंग वळवळायला लागलं, तर तारीख-वेळ लिहून फोन करा. घडी नीट बसायला तीन ते सहा महिने द्या.

गोळ्या हळूहळूच कमी करायच्या. ‘मशीन आहे, आता गोळ्या कशाला’ म्हणून एकदम तोडल्या की माणूस गप्प होतो, कशातच रस घेत नाही, निराशेत जातो. पहिल्या वर्षात मनःस्थितीवर डोळा ठेवा. अचानक अति उत्साह, पैशांची उधळपट्टी किंवा जगणं नको असल्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वजनही वाढतं, थरथरीत खर्च होणारी ताकद आता वाचते ना.

पायरी ७: हे पाकिटात लिहून ठेवा

सगळ्यात मोठा धोका गल्लीतल्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये आहे. शॉर्ट वेव्ह डायथर्मी, मायक्रोवेव्ह किंवा अल्ट्रासाउंडचा शेक शरीरावर कुठेही, अगदी गुडघ्यावरसुद्धा घ्यायचा नाही. मशीन बंद असलं तरी नाही. ऊर्जा तारेतून मेंदूत पोचते आणि टोकाशी तापते. दातांच्या उपचारानंतर दिलेल्या डायथर्मीने डीबीएस असलेल्या रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. फिजिओथेरपिस्टना आत जातानाच सांगा. व्यायाम जरूर करा, यंत्राचा शेक नको.

एमआरआय करता येतो की नाही ते मॉडेलवर अवलंबून आहे. ओळखपत्र दाखवून, उपकरण ‘एमआरआय मोड’मध्ये टाकूनच. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला गेलात तर सर्जनना बायपोलर कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं साधन, ज्यात प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांतच राहतो) वापरायला सांगा. ईसीजीत रेघा खरखरीत आल्या तर मशीन काही मिनिटं बंद करता येतं का, हे आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून ठेवा. विमानतळावर कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा.

पूर्वी उत्तम पोहणाऱ्यांचंही डीबीएसनंतर पोहणं जाऊ शकतं. झुरिकच्या डॉक्टरांनी अशा नऊ जणांची नोंद २०१९ मध्ये मांडली. विहिरीत किंवा समुद्रात एकट्याने उतरू नका. आधी कंबरभर पाण्यात, सोबत माणूस ठेवून बघा.

महिन्यातून एकदा रिमोटवर बॅटरी बघा. अचानक सगळं अंग पुन्हा ताठ झालं तर पहिली शंका बॅटरीची घ्या. त्यासोबत ताप आणि गुंगी असेल तर थेट इस्पितळ गाठा.

आणि एक गोष्ट, जी सांगायला कुणालाच आवडत नाही: अंत्यसंस्काराआधी बॅटरी काढून घ्यावी लागते. चितेत किंवा विद्युतदाहिनीत ती फुटू शकते. डॉक्टर लहानसा छेद घेऊन काढून देतात. हे घरातल्या निदान एकाला आधीच माहीत असू द्या.